कर्चेव्हलवरचा बाजार, की रस्त्यावरचा अडसर?

सरोवरकाठ (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९:४०

परवा एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. डेट्रॉईटच्या नोवी उपनगरातलं घर विकून ग्रोस पॉइंट पार्कला घ्यावं असं त्याच्या डोक्यात आहे. बोलता बोलता म्हणाला, "तिथे एकदा रस्ता बंद करून शेतकऱ्यांचा बाजार भरवला होता म्हणे. भारी कल्पना ना?" मी कपाळावर हात मारला. त्याला तिथे सगळं सांगत बसलो असतो तर श्रीखंड राहिलं असतं, म्हणून इथे लिहितोय.

मिशिगनबाहेरच्यांसाठी आधी भूगोल. डेट्रॉईटच्या पूर्वेला, सेंट क्लेअर सरोवराच्या बाजूला ग्रोस पॉइंट नावाची पाच छोटी शहरं आहेत. त्यातलं डेट्रॉईटला अगदी खेटून असलेलं ते 'पार्क'. वस्ती जेमतेम साडेअकरा हजार. ऑल्टर रोड डेट्रॉईटचा, त्याला लागून असलेली वेबर्न स्ट्रीट पार्कची, आणि हद्द या दोघांच्या मधून जाते. २०१० च्या जनगणनेत डेट्रॉईटमध्ये शंभरातले ८२-८३ कृष्णवर्णीय होते. हद्दीपलीकडे शंभरातले साधारण ८५ गोरे. आडव्या गल्ल्या बऱ्याच ठिकाणी हद्दीशी येऊन संपतात, दक्षिणेकडे तर मध्ये फॉक्स क्रीकचा कालवाच आहे. सरळ आरपार जाणारे रस्ते मोजकेच. कर्चेव्हल अ‍ॅव्हेन्यू त्यातला एक.

२०१४ च्या उन्हाळ्यात पार्कच्या नगरपालिकेने या कर्चेव्हलच्या मधोमध, हद्दीला लागून, बाजारासाठी शेड उभ्या केल्या. म्हणजे गाळे रस्त्याच्या कडेला नव्हेत, गाड्या जातात त्या पट्ट्यात. तेव्हा डेट्रॉईट दिवाळखोरीत होतं (अर्ज जुलै २०१३ चा) आणि माइक डगन महापौर होऊन सहा-सात महिने झाले होते. पार्कचं म्हणणं, आम्हाला पायी फिरण्याजोगी बाजारपेठ करायची आहे.

जुलैत एका शनिवारी मी मुद्दाम बघायला गेलो. डेट्रॉईटच्या बाजूने आलो. रिकामे प्लॉट, गुडघाभर गवत, काच फुटलेलं एक दुकान, आणि समोर एकदम या शेडची पाठ. तोंड पार्ककडे, पाठ आपल्याकडे. एवढी एकच गोष्ट बघितली तरी पुरे होती. बाजार मांडणारा माणूस गिऱ्हाईक जिकडून येईल तिकडे तोंड करून बसतो ना? एक दहा-बारा वर्षांचा काळा मुलगा सायकलवरून आला, थांबला, फुटपाथवर सायकल चढवून शेडला वळसा घालून पलीकडे गेला. त्याला काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. वाटलं ते मलाच.

दोन्ही बाजूंच्या रहिवाशांनी निदर्शनं केली. यात पार्कमधले गोरेही होते, हे सांगायलाच हवं. मग दोन्ही नगरपालिका बोलणीला बसल्या आणि त्याच वर्षी समझोता झाला. पार्कने शेड हटवून कर्चेव्हल दुतर्फा वाहतुकीला खुला करायचा. बदल्यात डेट्रॉईटने हद्दीजवळच्या पडक्या इमारती पाडायच्या.

माझं डोकं अडकलंय ते या 'बदल्यात'वर. रस्ता अडवला कुणी? पार्कने. मग उघडण्यासाठी काहीतरी द्यायचं डेट्रॉईटने का? वाट अडवणाऱ्यालाच वाट सोडल्याचा मोबदला. पडक्या इमारती पाडणं चांगलंच आहे, तिथल्या लोकांनाही त्या नकोच होत्या. पण सामंजस्याचा विजय म्हणून त्याच्या बातम्या वाचल्या तेव्हा घशाखाली उतरेना.

मधली_सुट्टी | शनिवार, रात्री १०:१५

वाचतेय. "पाठ आपल्याकडे" हे चांगलं टिपलंत.

हातोडी | शनिवार, रात्री १०:५२

धागाकर्त्याशी असहमत. उगाच प्रत्येक गोष्टीत वंश शोधायची फॅशन झालीय. पलीकडे ओसाड घरं, चोऱ्यामाऱ्या, पालिकेचं दिवाळं निघालेलं. अलीकडच्यांनी घाम गाळून कर भरून आपलं गाव नीट ठेवलं, त्यांनी काळजी घ्यायची नाही? पुण्यात आमच्या सोसायटीनेही मागचं गेट बंद केलं, कारण मागच्या वस्तीतून कुणीही आत यायचं. त्यात जात-बीत काही नव्हती.

आणि शेवटी रस्ता उघडला ना? मग विषय संपला.

ओसरी | रविवार, सकाळी ७:३०

हातोडी, ते मागचं गेट सोसायटीच्या जागेत होतं की पालिकेच्या रस्त्यावर?

हातोडी | रविवार, सकाळी ७:४८

सोसायटीच्या. पण मुद्दा तो नाही.

ओसरी | रविवार, सकाळी ७:५५

मुद्दा तोच आहे. सविस्तर नंतर लिहिते, आत्ता घावन तव्यावर आहे.

नगरवाला_ट्रॉयमध्ये | रविवार, सकाळी ९:२०

आमच्याकडच्या बायको-पार्टीने 'पार्कमधली घरं किती छान' म्हणून मागे बराच त्रास दिला होता, म्हणून थोडी भर.

ग्रोस पॉइंटला घर घेण्याची जुनी पद्धत माहीत आहे का? १९४५ पासून १९६० पर्यंत तिथल्या घरविक्री दलालांची चक्क गुणपत्रिका होती. खासगी गुप्तहेर लावून गिऱ्हाइकाची चौकशी. राहणी अमेरिकन वाटते का, बोलण्यात हेल आहे का, कातडी किती सावळी, असले प्रश्न. पास व्हायला ५० गुण. पोलिश असेल तर ५५ लागणार. इटालियन, ग्रीक वगैरे दक्षिण युरोपीय असेल तर त्याहून जास्त. ज्यू असेल तर ८५. आणि काळ्यांना व आशियाई लोकांना? त्यांची गुणपत्रिकाच नाही. परीक्षेलाच बसायचं नाही. १९६० मध्ये हे चव्हाट्यावर आलं आणि राज्यभर गाजलं.

सरोवरकाठ, तुमच्या मित्राला कळवा. त्याच्या आजोबांना तिथे घर मिळालं नसतं. डिग्र्या कितीही असोत.

तिथल्याच हायस्कुलात १४ मार्च १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण झालं होतं. सभागृह भरलेलं, पण मध्ये मध्ये आरडाओरडा करून भाषण तोडत राहिले लोक. त्यानंतर तीन आठवड्यांनी मेम्फिसला त्यांचा खून झाला.

तिखट_मीठ | रविवार, दुपारी १२:१०

मेम्फिसचं नाव निघालंच आहे तर माझ्या धंद्यातलं थोडं सांगतो (वकिली, न्यू जर्सी).

मेम्फिसमध्ये हाइन पार्क नावाची गोऱ्यांची वस्ती. उत्तरेला काळ्यांची. हाइन पार्कच्या लोकांनी १९७० साली चार रस्ते बंद करून मागितले. जमलं नाही. मग घासाघीस होत होत एकावर आले: वेस्ट ड्राइव्ह. १९७३ मध्ये नगरपरिषदेने तो बंद करायला मंजुरी दिली. युक्ती बघा, नुसता बांबू आडवा टाकायचा नाही. रस्त्यावरची सुमारे पंचवीस फुटांची पट्टीच शेजारच्या घरमालकांना देऊन टाकायची. सार्वजनिक रस्त्याचा तुकडा खासगी झाला की प्रश्नच मिटला. कारण काय दिलं? रहदारी कमी करणे, मुलांची सुरक्षितता, आणि 'नको असलेली वाहतूक' टाळणे.

उत्तरेकडचे रहिवासी कोर्टात गेले. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ असा शहराच्या बाजूने निकाल दिला. बहुमताचं निकालपत्र न्या. स्टीव्हन्स यांचं: थोडा वळसा पडेल, गैरसोय किरकोळ आहे, वंशभेदाचा हेतू सिद्ध झालेला नाही. विरोधी मत थर्गुड मार्शल यांचं. त्यांनी सरळ लिहिलं की गोऱ्या रहिवाशांचा एक गट काळ्या नागरिकांना आपल्या नंदनवनातून जाऊ द्यायला तयार नाही, आणि शहराने त्यांना साथ दिली. 'नको असलेली' कुणाला आणि का, हे पुरावा वाचणाऱ्याला कळत होतं.

कायद्याच्या भाषेत गोम अशी: १९७६ नंतरच्या निकालांमध्ये नुसता परिणाम भेदभावाचा असून भागत नाही, हेतू दाखवावा लागतो. आणि हेतू कोण लिहून ठेवतो? ठरावात 'रहदारी' लिहिलं की झालं. ग्रोस पॉइंटवाल्यांनी 'बाजार' लिहिलं. हातोडी, तुम्ही 'सुरक्षा' म्हणताय. शब्द बदलतो, वळसा त्याच माणसाला पडतो.

म्हणूनच कर्चेव्हलचा निकाल कोर्टात न लागता टेबलावर लागला. डेट्रॉईटकडे खटल्याचा रस्ता होता, पण मेम्फिसचा निकाल समोर असताना कुठला शहाणा वकील म्हणेल की आपण नक्की जिंकू? अशा वेळी पाडकाम मान्य करून दोन-तीन महिन्यांत रस्ता मोकळा होत असेल तर मीही तोच सल्ला दिला असता. धागाकर्त्याचा राग पटतो. सौदा मात्र मला वाईट वाटत नाही.

सरोवरकाठ | रविवार, दुपारी १२:४५

हे माझ्या डोक्यात नव्हतं. थोडा नरमलो. पूर्ण नाही.

हातोडी | रविवार, दुपारी १:०५

म्हणजे सर्वोच्च न्यायालय माझ्या बाजूने आहे. धन्यवाद.

तिखट_मीठ | रविवार, दुपारी १:०९

६ विरुद्ध ३ ने, हो. मजेत राहा.

रविवारचा_पेपर | रविवार, दुपारी ३:३०

अटलांटाचा किस्सा राहिलाच की! वीस वर्षं इथे काढली, त्यामुळे हक्काने लिहितो.

१९६२ चा डिसेंबर. शहराच्या नैर्ऋत्येला पेटन फॉरेस्ट ही गोऱ्या मध्यमवर्गाची वस्ती. तिथे एका कृष्णवर्णीय डॉक्टरने घर घेण्याचं ठरवलं आणि हाहाकार. महापौर आयव्हन अ‍ॅलन ज्युनियर. हा गृहस्थ काही वर्णद्वेष्टा म्हणून निवडून आलेला नव्हता, उलट वर्षभरापूर्वी कट्टर लेस्टर मॅडॉक्सला हरवून, काळ्यांच्या भरघोस मतांवर निवडून आलेला. त्याने १८ डिसेंबरला पेटन रोड आणि हार्लन रोड या दोन रस्त्यांवर आडवे अडथळे ठोकले. बर्लिनची भिंत उभी राहून दीड वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे लोकांनी लगेच नाव दिलं: अटलांटाची बर्लिन भिंत. देशभर छी-थू. एका रात्री कुणीतरी अडथळे उपटून ओढ्यात फेकले, पालिकेने पुन्हा ठोकले.

बोलणी इथेही झाली. महापौराचं म्हणणं, तुमच्या वस्तीला वाढायला दुसरी जमीन मोकळी करून देतो, पण इथून पुढे सरकू नका. काळ्या पुढाऱ्यांचं उत्तर: आधी अडथळे काढा, मग बोलू. आणि ते हटले नाहीत. डेट्रॉईटला हे परवडलं नाही, कारण डेट्रॉईटच्या खिशात दमडी नव्हती. अटलांटाच्या काळ्यांकडे मतं होती आणि आसपासच्या दुकानांवर बहिष्कार टाकायची ताकद होती. बोलणीच्या टेबलावर कोण किती ताठ बसतो ते खिसा बघून ठरतं.

१ मार्च १९६३ ला स्थानिक न्यायालयाने अडथळे बेकायदा ठरवले. अ‍ॅलनने त्याच दिवशी ते काढून टाकले. ७० च्या वर दिवस टिकली ती 'भिंत'. आणि मग गंमत: अडथळे निघाले आणि गोऱ्यांनी घरं विकायचा सपाटा लावला. काही महिन्यांत पेटन फॉरेस्टमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके गोरे उरले. ज्या वस्तीला वाचवायला रस्ता अडवला ती वस्तीच उठून गेली.

पण त्याच अ‍ॅलनने जुलै १९६३ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन नागरी हक्कांच्या विधेयकाच्या बाजूने साक्ष दिली. दक्षिणेतल्या मोठ्या शहराच्या गोऱ्या महापौराने असं करणं तेव्हा खायचं काम नव्हतं. पेटन रोडची नाचक्की झाली नसती तर तो गेला असता का? माझं मत, नसता गेला.

अवांतर: अटलांटात अजूनही काही रस्त्यांची नावं मध्येच बदलतात. मोरलँड अ‍ॅव्हेन्यूने उत्तरेला निघा, पॉन्स हा आडवा रस्ता ओलांडला की तोच रस्ता ब्रायरक्लिफ रोड होतो. नवीन माणूस जीपीएसला शिव्या घालतो. कारण जुनं आहे. एका नावावर काळे राहत, दुसऱ्यावर गोरे, आणि गोऱ्यांना आपल्या पाकिटावर 'त्या' रस्त्याचं नाव नको होतं. आमच्या बँकेच्या चेकबुकात अजून एक पत्ता चुकीच्या नावाने छापून येतो, त्यामुळे माझी रोजची ओळख आहे या प्रकाराशी.

मधली_सुट्टी | रविवार, दुपारी ४:००

आईशप्पथ, ब्रायरक्लिफचं हे कारण मला बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

ओसरी | रविवार, संध्याकाळी ६:२०

आले. घावन कधीच संपले.

हातोडींना सकाळी जे विचारलं त्याबद्दल. सोसायटीचं गेट वाईट असेल, पण ते तुमच्या जागेत आहे. रस्ता 'सगळ्यांचा' आहे असं म्हणून मग तो अडवणं ही वेगळी गोष्ट. आपल्याकडे हा वाद पाण्यावरून होऊन गेलाय. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच ठराव केला होता की चवदार तळं सर्वांना खुलं. ठराव कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो लोक प्रत्यक्ष पाणी प्यायले, तेव्हा मारहाण झाली, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठरावच मागे घेतला. मग सनातनी कोर्टात गेले, म्हणाले तळं सार्वजनिक नाहीच, खासगी आहे. उच्च न्यायालयातून निकाल आला मार्च १९३७ मध्ये. दहा वर्षं! मेम्फिसमध्ये रस्त्याची पट्टी खासगी करून टाकली हे वाचल्यावर मला हेच आठवलं. जे सगळ्यांचं आहे ते सगळ्यांनी वापरायला सुरुवात केली की कुणीतरी कागद काढून सांगतं, अहो हे तर आमचं.

जात आणि वंश एक नाही, हे मला मान्य आहे. त्यावर वेगळा धागा काढा, इथे मारामारी नको.

हातोडी | रविवार, संध्याकाळी ७:१०

ओसरीताई, महाडशी तुलना ओढूनताणून आहे. तिथे पाणी होतं, इथे दोन गल्ल्या पुढे दुसरा रस्ता होता. पण पट्टी विकून टाकणं मलाही पटलं नाही. आणि शेडची पाठ डेट्रॉईटकडे होती हे खरं असेल तर मूर्खपणाच होता, धंद्याच्या दृष्टीनेही.

ओसरी | रविवार, संध्याकाळी ७:१८

चला, एवढं तरी. (महाडलाही सांगायचे, दुसरीकडे पाणी आहे की.)

नगरवाला_ट्रॉयमध्ये | रविवार, रात्री ८:४५

सगळे जमलेच आहात तर आपल्या अंगणातलंही बोलू या. नोवीत, जिथे आपली निम्मी मंडळी राहतात, तिथे वर्षानुवर्षं उपनगरी बस येतच नव्हती. गावाने त्या व्यवस्थेतून बाहेर राहायचं ठरवलं होतं, कर वाचतो म्हणून. डेट्रॉईटची बस कंपनी वेगळी, उपनगरांची वेगळी. नोव्हेंबर २०२२ मध्ये ओकलंड काउंटीत मतदान झालं आणि बाहेर राहण्याची ती सोय संपली. तोवर डेट्रॉईटमधल्या माणसाला नोवीच्या मॉलमध्ये कामाला यायचं तर गाडी हवीच. अडसर नाही, शेड नाही, बातमी नाही. आपण दर शनिवारी तिथे किराणा भरत होतो आणि चौकात बसथांबा नाही हे माझ्या तरी कधी लक्षात आलं नाही. मला गाडी होती ना.

आणि घर घेताना एजंटला पहिला प्रश्न काय विचारला होता आपण? 'शाळा कशा आहेत?' १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने ठरवलं की डेट्रॉईटच्या शाळांमधल्या वंशभेदाचा प्रश्न सोडवायला उपनगरांच्या शाळा ओढता येणार नाहीत. म्हणजे हद्द पक्की. त्या निकालाची फळं आपण खाल्ली. मीही. दोन पोरं तिथेच शिकली.

सरोवरकाठ | रविवार, रात्री ९:३०

याला उत्तर नाही माझ्याकडे. मीही नोवीतूनच लिहितोय.

मधली_सुट्टी | सोमवार, सकाळी ८:०५

मे महिन्यात बहिणीकडे फार्मिंग्टन हिल्सला येतेय. हे सगळं बघायला जाता येईल का? काही शिल्लक आहे?

नगरवाला_ट्रॉयमध्ये | सोमवार, सकाळी ८:४०

बघायचंच असेल तर डेट्रॉईटमधली एट माइल रस्त्याजवळची भिंत बघा. ती अजून उभी आहे. १९४१ मध्ये एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण शेजारी काळ्यांची वस्ती म्हणून सरकारी गृहकर्ज यंत्रणा हमी देईना. त्याने मध्ये साधारण अर्धा मैल लांब, सहा फूट उंच, फूटभर जाड काँक्रीटची भिंत घातली. हमी मिळाली. आता दोन्हीकडे काळे लोकच राहतात. बरवुड आणि मेंडोटा या गल्ल्यांच्या मधून ती लोकांच्या परसातून जाते, त्यामुळे सगळीकडे दिसत नाही. अल्फॉन्सो वेल्स मैदानाशी जा, तिथे मोकळी आहे आणि रहिवाशांनी तिच्यावर चित्रं काढलीत. परसात डोकावू नका, लोकांची घरं आहेत.

मधली_सुट्टी | सोमवार, सकाळी ८:५२

आणि कर्चेव्हल?

सरोवरकाठ | सोमवार, सकाळी ९:१५

शेड गेल्या. गाडीने सरळ आरपार जाता येतं. पार्कच्या बाजूला एका जुन्या चर्चच्या इमारतीत बिअर मिळते, तिथे गर्दी असते. तुम्ही एक करा, गाडी ऑल्टरच्या अलीकडे डेट्रॉईटमध्ये लावा आणि चालत जा. पाच मिनिटं लागतात. बहिणीला म्हणावं, चपला बऱ्या घाल.